पर्लचं खरं वजन

(ऑस्ट्रेलियातलं क्वीन्सलंड. ऑगस्ट, म्हणजे तिथल्या हिवाळ्यातली दुपार. नोरीनच्या घरामागची शेड. काचेच्या पेटीत तिची पाळलेली अजगराची मादी, पर्ल. सकाळपासून त्याच पेटीत नोरीनच्या भावाचा, क्लाइव्हचा, म्हातारा नर मेजर.)

क्लाइव्ह : ...अठरा अंडी धर. दोन फुकट गेली तरी सोळा पिल्लं. आठ तुझी, आठ माझी. आणि माझ्या मेजरचं नाव राहिलं.

नोरीन : तुझा हिशेब नेहमी अंड्यांपासून. आईपासून कधी करशील?

क्लाइव्ह : आईला काय झालंय? अडीच किलो भरली. तूच केलंस ना वजन? उशीच्या अभ्र्यात घालून, तुझ्याच काट्यावर.

नोरीन : केलं. मग सकाळी हात फिरवला तेव्हा कणा का टोचला? कुशी आत गेल्यात रे तिच्या.

क्लाइव्ह : थंडीत सगळेच वाळतात. मला बघ.

नोरीन : तुला अंडी घालायची नाहीत. दोन महिने वेटोळं घालून, उपाशीपोटी ती उबवायची नाहीत. आधीच्या मादीच्या, ओपलच्या वेळी अशीच घाई केली आपण. पोटात अंडी अडकून गेली बिचारी.

क्लाइव्ह : ओपल लहान होती गं.

नोरीन : थांब. त्या कोपऱ्यात काय आहे? ...उंदराचे केस. तिच्या विष्ठेत.

क्लाइव्ह : जुने असतील.

नोरीन : जूनपासून मी तिला घास दिलेला नाही. हिवाळ्यात देतं का कुणी? क्लाइव्ह, मी ब्रिस्बेनला लेकीकडे गेले तेव्हा शेडची किल्ली तुझ्याकडे होती.

क्लाइव्ह : हं.

नोरीन : किती घातलेस?

क्लाइव्ह : दोन. चांगले मोठे. तू परत यायच्या आदल्या दिवशी.

नोरीन : म्हणजे मी उंदीर तोलले!

क्लाइव्ह : मेजर बावीस वर्षांचा झालाय, नोरीन. पुढचा हिवाळा तो बघत नाही. आणि तुझं एकच टुमणं, अडीच भरल्याशिवाय नाही. चारशे ग्रॅमसाठी वर्ष घालवू?

नोरीन : बाहेर काढ त्याला. आत्ता.

क्लाइव्ह : नाही काढता येणार.

नोरीन : का?

क्लाइव्ह : शेपट्या बघ. तू चहा टाकायला गेलीस तेव्हाच जुळले. ओढलं तर दोघांनाही इजा होईल.

नोरीन : आणि तू बिस्किटं खात बसलास.

क्लाइव्ह : अंडी धरतीलच असं नाही ना. डॉक्टरला दाखवू. मी स्वतः नेतो तिला.

नोरीन : ने. मेजरचं साधलं, तुझं साधलं. मी हाताचं न ऐकता काट्यावर विसंबले, ती माझी चूक. आणि हे सगळं फेडायचं कुणी, तर जिला कुणी विचारलंच नाही, तिनं.