थोडं काढायचं की सगळं

डॉक्टरांच्या खोलीबाहेर तपासणीला आलेली एक शिक्षिका बसली होती. कान द्यायचा नाही म्हणून तिने मासिक उघडलं, पण शेजारच्या सासू-सुनांचं बोलणं ऐकू येतच राहिलं.

"केमोनं स्तनातली गाठ एवढीशी झालीय," सून सांगत होती. "डॉक्टर म्हणतात, तेवढीच काढून भागेल."

"मग अडलंय कुठं?"

"हे म्हणतात, सगळंच काढून टाक. जिवाला घोर नको."

"कुणाच्या जिवाला?"

"आई, तुम्हीपण सगळंच काढलंत ना?"

"मी कुठं काढलं? तुझ्या सासऱ्यांनी होकार दिला. शुद्धीवर आल्यावर हात लावून पाहिलं, तेव्हा मला कळलं."

"भांडला नाहीत?"

"जीव वाचला होता गं. भांडायचं कुणाशी? पण अजून आरशासमोर कपडे बदलत नाही मी."

"कधी बोलला नाहीत ते."

"कुणी विचारलंच नाही."

नर्सने दार उघडलं. "तुमचा नंबर. यजमान यायचेत का?"

"नाही. माझं मीच सांगते डॉक्टरांना. आई, चला."

"मी कशाला? आत आले तर माझंच काहीतरी विचारत बसेन."

"मग विचारा की."

"आता काय विचारू, बाई? जा तू."