आयर्लंडच्या पोरींचा क्लब आणि माझी घोट्याची पकड

मी मूळची गुहागरकडची. आमच्या गावात बायकांचा कबड्डीचा संघ होता, त्यात मी डाव्या कोपऱ्यावर, चढाईला आलेली बाई माझ्या बाजूला वळली की तिचा घोटा धरायचा आणि शिट्टी होईपर्यंत सोडायचा नाही, एवढंच मला यायचं, पण ते चांगलं यायचं. मग लग्न झालं, हे तेल कंपनीत टेक्निशियन, म्हणून कुवेतला आले, मंगफला फ्लॅट घेतला, आणि मुलगी शाळेत जायला लागल्यावर मी रुमैथियातल्या तिच्याच शाळेच्या ऑफिसात लागले. कबड्डी संपली.

त्या शाळेत दरवर्षी आयर्लंडहून शिक्षिका यायच्या, तरण्या पोरी. त्यातल्या नोरानं दोन मैत्रिणींना घेऊन हा क्लब काढला. त्यांचा देशी फुटबॉल वेगळा, काय सांगू तुम्हाला, चेंडू हातानंही खेळायचा, पायानंही, गोलाचे खांब आडव्या दांड्याच्या वर उंच गेलेले, दांड्यावरून चेंडू गेला तर एक गुण, खालून जाळ्यात गेला तर तीन. नोरा ऑफिसात आली, म्हणाली, मैदान भाड्यानं हवंय, अरबीत कोण बोलेल. मी बोलले. मग पाणी, बर्फ, जर्सी धुणं, गाड्यांची सोय, एकेक करत सगळं माझ्याकडे आलं. मला कामं अशी मार्गी लावायला आवडतात.

पण मी बघत राहायचे हो. संध्याकाळीसुद्धा अंगाची लाही होते इथं, आणि या पोरी दिवसभर वर्ग घेऊन येऊन धावतायत. मी विचारलं, याचं काय मिळतं तुम्हाला. नोरा म्हणाली, काही नाही, आमच्याकडे स्टेडियम भरून लोक ज्यांना बघायला येतात तेसुद्धा सोमवारी कामावर जातात, आणि खेळायचं ते आपल्या गावाकडून. आमच्याकडेही मुंबईला नोकरीला गेलेला माणूस खेळायला गावच्याच संघात यायचा. एवढ्या लांबच्या बेटावर यांना हे कुणी सांगितलं?

इथल्या क्लबाचं मात्र एक दुखणं. जूनमध्ये करार संपतात, अर्ध्या पोरी परत जातात. एका वर्षी जास्तच गेल्या, आणि आखातातल्या संघांची स्पर्धा आली तेव्हा बायकांच्या संघात एक कमी. संघ उतरला नाही तर मैदानाची त्यांची वेळ पुरुषांच्या संघाला जाणार, म्हणजे बायकांचा क्लब बंदच. नोरा म्हणाली, तू उभी राहा. चाळिशी ओलांडलेली मी. हे म्हणाले, खेळायला घेतायत की पाणी द्यायला. मुलगी म्हणाली, आई, प्लीज, माय टीचर्स विल बी देअर.

उभी राहिले. गोलासमोर डाव्या बाजूला ठेवलं मला, आणि मी सवयीनं कबड्डीसारखी वाकून उभी. शेवटच्या मॅचला समोरची उंच पोरगी चेंडू घेऊन सुसाट आली, माझ्या बाजूला वळली, आणि मला काही कळायच्या आत मी खाली बसून तिचा घोटा धरला. ती आपटली. पंचानं शिट्टी मारल्यावरच मी सोडलं, वर वाटलं, वा, गडी बाद. पण ही कबड्डी नव्हती. या खेळात अंगाला हातच लावायचा नसतो. त्यांना पेनल्टी मिळाली, गोल झाला, आम्ही हरलो.

मला वाटलं, बुडवला मी यांचा क्लब. नोराला म्हटलं, माफ कर. ती हसून हसून जमिनीवर बसली होती. डोळे पुसून म्हणाली, अगं, संघ सगळ्या मॅच खेळला, आपली वेळ राहिली. आणि पुढच्या शुक्रवारी तू सगळ्यांना ते असं वाकून उभं राहणं शिकव, फक्त धरणं नको.

पुढं नोराही गेली. तिच्या गावच्या संघात खेळते, बाळ झाल्यावरही. पहिल्यांतलं इथं कुणी उरलं नाही, मी सोडून. तरी दर सप्टेंबरला नव्या पोरी येतात, विमानातून उतरून चार दिवस झालेले नसतात, सिव्हिल आयडी, म्हणजे इथलं ओळखपत्र, आलेलं नसतं, एकमेकींची नावं माहीत नसतात, पण मैदान कुठं ते विचारत येतात. अजून मला याचं नवल वाटतं. यंदा तर दोन संघ झाले, मला उतरायची गरजच पडली नाही. मी रेषेबाहेर उभी असते, बर्फाची पेटी घेऊन. बरं आहे. खेळू देत बाया, सुखी राहू देत.