निळ्या हत्तीचं पोट

निळा हत्ती? न्हाई. निळा हत्ती आता मिळत न्हाई — आणि मिळत हुता हे तुमाला कुणी सांगितलं? सहज इचारलं म्हणतासा? आवं, सहज कोण निळा हत्ती इचारतं का? लोकं येत्यात, गाडी दाखवा म्हणत्यात, बाहुली दाखवा म्हणत्यात, किमतीची चिठ्ठी उलटी करून बगत्यात, खोक्याचा फोटो काढत्यात आणि घरी जाऊन फोनवरनं मागवत्यात. तुमी तसलं काय केलं न्हाई. तुमी आलासा ते थेट त्या रिकाम्या फळीफुडं जाऊन उभं ऱ्हायलासा. गेल्या मंगळवारी बी तितंच. त्याच्या आदल्या मंगळवारी बी तितंच, अकरा मिनिटं. व्हय, अकरा. मी लिवून ठेवते. ही वही बगा — लांबनं बगा, हातात देणार न्हाई — कोण आलं, किती वाजता, कशाला हात लावला, काय न घेता गेलं. आदी रोज तीन पानं भरायची. आता एक दिवस चार ओळीत बसतो, आणि गेल्या तीन मंगळवारी चारातली एक ओळ तुमची हाय.

बसा. त्या बुटक्या खुर्चीवरच बसा, मोठी खुर्ची एकच आणि ती माझी. माझं नाव बनाबाई. बिल्ल्यावर नुसतं 'बना' लिवलंय, कारण कंपनी म्हणाली 'बाई' लावल्यावर पोरं भितात, शाळा वाटती. अकरा वर्षं झाली. दुकान उघडलं तवा आठजण हुतो आमी, सगळ्यांना लाल टी-शर्ट, आणि नियम असा की गिऱ्हाईक दारात आलं की सगळ्यांनी टाळ्या वाजवून आत घ्यायचं. गावागावातनं गाड्या करून लोकं यायची. सरकत्या जिन्यावर चढायला बायका भ्यायच्या, आमी हात धरून चढवायचो. आता तो जिना दोन वर्षं झाली सरकत न्हाई, नुसता जिना झालाय. शेजारचं बुटांचं दुकान गेलं, आईस्क्रीमचं गेलं, काचंवर खाकी कागद चिकटवलाय बगा. पोरं येत्यात ती गार हवेला येत्यात, दारातल्या मोठ्या अस्वलाबरोबर फोटो काढून जात्यात. सात जण गेले, मी ऱ्हायले. टाळ्यांचा नियम अजून हाय, पण एकटीच्या टाळ्या कशा वाटत्यात सांगा — मागं एक आजोबा आले, मी वाजवल्या, तर म्हणले, 'डास लय झाल्यात का गं?'

हसलासा. चांगलं हसतासा. तुमच्यासाठी बी वाजवल्या मी, तिन्ही बारीला, आठवतंय न्हवं? तेवढं लिवा म्हंजे झालं.

काय लिवायचं? आता वेड पांघरू नका. कंपनी माणसं पाठवती हे मला ठाऊक हाय. गिऱ्हाईक बनून यायचं, काय बोलायचं न्हाई, बाई हसली का, टाळ्या वाजवल्या का, फळ्या पुसल्यात का, सगळं बगायचं आणि मागनं मेल टाकायचा. अकरा वर्षांत सहाजण वळखले मी. तीन लक्षणं असत्यात. एक, बरोबर पोर नसतं. दोन, बुटाला पॉलिश. तीन, दुकानात नसलेलीच वस्तू मागायची, म्हंजे बाई काय सांगती ते कळतं. तुमची तिन्ही जुळत्यात. नखातलं काळं? ते पयल्याच दिवशी दिसलं. कुपवाडच्या कारखान्यातलं ग्रीस — असंल की. सोंग आणणाऱ्याला ग्रीस मिळत न्हाई व्हय? केसावर हेल्मेटचा वळ बी हाय. खाली दारावर हंबीरराव असत्यात, पल्टनीतनं रिटायर झालेले, त्यांच्या नजरेतनं काय सुटत न्हाई. ते म्हणले, 'बनाबाई, गाडी एमएच दहा हाय, माणूस हितलाच वाटतोय.' मी म्हणलं, हितली माणसं कंपनीला मिळत न्हाईत व्हय?

हे बगा, तुमी तुमचं काम करा, पण माझं बी ऐकून घ्या. या महिन्याच्या शेवटाला हे दुकान बंद हुतंय. ते तुमाला ठाऊकच असणार. साताऱ्याला दुसऱ्याच्या मोठ्या दुकानात कंपनी एक कोपरा ठेवणार हाय, एक काउंटर, एक माणूस. सांगलीतनं मी आणि इचलकरंजीचं एक पोरगं, दोघांत एक जागा. माझी लेक, प्रियदर्शनी, साताऱ्याला शिकती, हॉस्टेलात ऱ्हाती. माझं मालक वारून नऊ वर्षं झाली, घरात मी एकटी. ती जागा मिळाली तर मायलेकी एक खोली घिऊन ऱ्हातो. एवढंच हाय माझं. विश्वजीत — आमचा साहेब, पुण्यात बसतो, वयानं माझ्या भाच्याएवढा — तो म्हणला, 'बनाताई, फाइल कोरी पाहिजे, एक तक्रार नको.' कोरीच हाय. वर कॅमेरा हाय बगा, लाल दिवा दिसतोय? पुण्यात बसून सगळं बगत्यात. माझं काय लपलेलं न्हाई.

तर निळा हत्ती. तो ज्या कार्टूनमधला हुता ते टीव्हीवरनं बंद पडलं आणि कंपनीचा करार संपला. करार संपला की माल विकायचा न्हाई, आणि फुकट बी द्यायचा न्हाई. कापून टाकायचा. माझं शब्द न्हाईत हे, मेलमधलं हाय, दाखवते हवं तर. बेचाळीस हत्ती उरलेले. विश्वजीत व्हिडिओवर आला, मी फरशीवर चादर टाकून बसले, आणि एक-एक हत्ती कापला. 'पोट उघडं दिसलं पाहिजे, बनाताई, कापूस बाहेर आला पाहिजे.' आला की. बेचाळीसच्या बेचाळीस. त्याच्याकडं व्हिडिओ हाय, तुमी त्याला इचारा. पंधराव्या हत्तीला त्यानं मान फिरवली, त्याला पोरगी हाय ना लहान. मग म्हणला, 'तुमी करा, मी चहा आणतो.' तरी मी कापत ऱ्हायले. कारण सांगितलेलं काम हाय. कोण बगतंय न बगतंय याच्यावर माझं काम न्हाई.

आता कापायचं म्हंजे — कुठनं कापायचं हे मेलमध्ये न्हवतं. मी शिवणीवरनं कापलं. कापड न्हाई, दोरा. दोरा कापला तरी पोट उघडतंच की! कापूस येतोच. लांबनं काय फरक दिसतो? आमच्या गावाकडं उसाच्या कामाला जायच्या आदी मी आईबरोबर वाकळा, गोधड्या शिवलेल्या, लोकांच्या बी शिवून द्यायचो. उसवायचं म्हंजे शिवणीवरनं, कापडाला कात्री लावायची न्हाई, हातालाच सवय हाय. म्हणून झालं ते. मुद्दाम न्हाई. आणि कचऱ्याच्या गाडीत टाकायचं ते मॉलच्या डब्यात न टाकता घरी न्हेलं, का तर मॉलचा डबा भरलेला हुता. भरलेला हुता म्हणते न्हवं!

बरं, न्हवता भरलेला.

असं बगू नका. बेचाळीस हत्ती, पोटं उघडी, दोन पोत्यांत, माझ्या खाटंखाली. त्यास्नी बगत झोप लागंल का कुणाला? मी शिवले. रोज जेवण झाल्यावर दोन. सरळ धावदोरा, वाकळंला घालतो तसा, जवळजवळ, ओढला तरी तुटायचा न्हाई. कंपनीचा बिल्ला तेवढा कापून टाकला कानामागचा. कंपनीचं नाव न्हाई म्हंजे कंपनीचा माल न्हाई, असं मला वाटतं. तुमाला काय वाटतं ते वाटूद्या. आणि एक पैसा न्हाई घेतला कुणाकडनं. शेजारची कीर्ती मिरजेला पोरांच्या वॉर्डात सिस्टर हाय, तिनं न्हेले पिशवीतनं चार-चार, पाच-पाच—

मिरजेचं नाव तुमी काढलं का मी? मीच काढलं. कीर्तीचं बी मीच काढलं. बनाबाई, तुझ्या तोंडाला टाके घालायला पायजेत.

ते सोडा. कीर्तीचं नाव लिवू नका, तिचा संबंध न्हाई. माझं लिवा. न्हाईतर — थांबा, पिशवीत हात का घातला? फोन काढताय? काढा, काढा रेकॉर्ड. मी काय म्हणले त्याला पुरावा — काय हाय ते? कागदात काय गुंडाळलंय? ठेवा. काउंटरवर ठेवा, हातात घेणार न्हाई मी.

आगं आई.

न्हाई, हा आमच्या दुकानातला न्हाई. आमच्यात असला माल नसतो. निळा असंल, पण निळं काय आमीच एकटं विकतो व्हय? बिल्ला कुठाय? न्हाई की बिल्ला! मग आमचा कसा? आणि हे पोटातनं काय आलंय — हिरवं — हा कोंब हाय. शाळूचा, ज्वारीचा कोंब हाय हा. बोटभर. शिवणीतनं वाट काढून आलाय बगा, दोन पानं बी फुटल्यात.

तुमी काय म्हणला? परत म्हणा. पोरगी.

तुमची. सहा वर्षांची. महिना झाला वॉर्डात. हत्तीवर ओकली, म्हणून नळाखाली धुतला, खिडकीत ठेवला, आणि पाचव्या दिवशी हे. सिस्टर म्हणली टाकून द्या, वॉर्डात चालणार न्हाई. कीर्ती म्हणली? बरोबर हाय तिचं, तिला तसंच म्हणावं लागंल. आणि पोरगी देईना. हत्ती मोठा हुतोय म्हणती, औषधाच्या झाकणानं पाणी घालती. असलं हत्ती पूर्वी हितं फळीवर बगितलेलं, म्हणून तसलाच दुसरा मिळतोय का बगायला आलासा. मंगळवारी कारखान्याला सुट्टी. आणि पॉलिश? दवाखान्यात मोठे डॉक्टर भेटत्यात म्हणून. मग आदीचं दोन मंगळवार इचारलं का न्हाई, मुक्यासारखं उभं ऱ्हायलासा? — मी तशी संशयानं बगत हुते? व्हय. बगत असणार.

पण मला सांगा, मी कसा विश्वास ठेवू? कंपनी काय पाठवंल सांगता येतं का? असला एखादा हत्ती मिळवायचा, एक गोष्ट जुळवायची... सांगा बगू, पोरगी त्याला कुठं धरती? चटदिशी सांगा, इचार करू नका. — सोंडंला न्हाई, शेपटीला? शेपूट चघळती? दावा. व्हय, शेपटीचा गोंडा चिकट झालाय, रंग गेलाय. हे काय कुठल्या हापिसातनं करून आणता येत न्हाई.

आणा हिकडं.

हा माझाच टाका. दाणं बी मीच घातलेलं. आवं, वाकळ शिवताना शेवटचं टोक बंद करायच्या आदी आत घास घालायचा असतो, भाकरीचा न्हाईतर पोळीचा. उपाशी वाकळ कुणाच्या अंगावर घालायची न्हाई, माझी आई म्हणायची. हत्तीच्या पोटात भाकरी घातली तर बुरशी येईल, उंदीर लागंल, म्हणून मी शाणपणा केला, शाळूचं चार-चार दाणं घातलं. कोरडं ऱ्हाईल म्हणलं. दवाखान्यातली पोरं ओकत्यात, हत्ती धुवायला लागतोय, हे डोस्क्यातच आलं न्हाई. बेचाळीस हत्ती वो! आता मिरजेत किती जणांच्या पोटातनं शाळू उगवला असंल देवालाच ठाऊक.

दुसरा न्हाई माझ्याकडं. एक बी ठेवला न्हाई. हाच नीट करून देते. कात्री हाय, सुई माझ्या पर्समध्ये असती.

कॅमेऱ्याकडं काय बगताय? तो दोन महिने बंद हाय. नुसता दिवा जळतोय. मघाशी तुमाला भ्या घालायला म्हणलं. आता हे बी सांगून बसले बगा तुमाला.

धरा, पोटाखाली हात धरा, कापूस सांडू देऊ नका. हा निघाला कोंब, मुळासकट निघाला. कागदाच्या पेल्यात माती घालून लावा तिला खिडकीत. म्हणावं हत्तीला पिल्लू झालं. बाकीचं तीन दाणं कुजल्यात, टाकून द्या. कापूस ओला न्हाई, वाळलाय. आता शेवटचं टोक — उपाशी तर बंद करणार न्हाई मी, काय बी झालं तरी. तो माझा डबा द्या हिकडं. भडंग हाय. ह्यातला एक चिरमुरा घेते, मसाला पुसून. चिरमुरा भाजलेला असतोय, तो उगवत न्हाई. शंभरदा धुवा. हं. झालं. दोरा दातानं तोडते, घाण मानू नका.

किती द्यायचं? काय बी न्हाई. पाकीट आत ठेवा, न्हाईतर हत्ती ठेवून घेते.

तरी एक सांगते. माझं मन अजून सगळं बसलं न्हाई तुमच्यावर. कंपनीचं असला तर असा. मग एवढं करा, आदी मिरजेला जाऊन हत्ती पोरीच्या हातात द्या, आणि मग मेल टाका. सातारा गेलं तर गेलं. पण कीर्तीचं नाव त्यात नको.

उठा आता. मागच्या दारानं जावा, फुडं हंबीरराव इचारतील पिशवीत काय हाय. आणि परत यायचं न्हाई हिकडं, मंगळवारी न्हाई आणि कवाच न्हाई. — काय? नाव? तिचं नाव नका सांगू. तुमचं बी नका सांगू. सांगितलं की मला वहीत लिवावं लागतंय, हात थांबत न्हाई माझा. आज मंगळवार, दुपारी कोण आलं न्हाई.

जावा.