लोफ कापल्यावर

ऑस्ट्रेलियात, व्हिक्टोरियातल्या आमच्या गावच्या कृषी प्रदर्शनात परीक्षण संपेपर्यंत केकच्या दालनाचं दार बंद असतं. रांगेत माझ्यापुढे नोरीन आणि तिची शेजारीण ग्लेनिस होत्या. नोरीनचा पाय एका जागी ठरत नव्हता.

"अगं, बक्षीस मिळेल. इतकी काय घाबरतेस?"

"बक्षीस गेलं खड्ड्यात! इथे प्रत्येक केक मधोमध कापून मांडून ठेवतात. आतली झुकिनी दिसली तर?"

"चॉकलेट लोफमध्ये झुकिनी?"

"हळू बोल! आमच्या मर्व्हची साखर वाढलीय. धान्य बंद, म्हणून बदामाचं पीठ, कोको आणि किसलेली झुकिनी. भाजी म्हटलं की ताट सरकवणारा माणूस, पण हा लोफ मागून मागून खातो."

"मग स्पर्धेत कशाला दिलास?"

"मी कशाला देतेय? नवऱ्यानंच मिरवायला आणून दिला, मला न विचारता. नेमकी या खेपेला मी झुकिनीची हिरवी साल काढली नव्हती गं!"

"कळू दे की मग एकदाचं."

"कळलं तर उद्यापासून परत पाव आणि जॅम!"

दार उघडलं. मर्व्ह सगळ्यांच्या आधी आत घुसला आणि लालबुंद होऊन बाहेर आला.

"नोरीन, आपला लोफ बाद केला! म्हणे, त्यात झुकिनी आहे, चॉकलेटच्या गटात भाजी चालत नाही!"

"जाऊ दे रे. घरी चल."

"जाऊ दे कसं? त्या परीक्षक बाईंना म्हटलं, बाई, ते हिरवं म्हणजे पिस्ता आहे! झुकिनी असती तर पहिल्याच घासाला मला कळली नसती? तक्रार नोंदवलीय मी. चल, समितीसमोर बायबलवर हात ठेवून सांग त्यांना."

"जा, नोरीन," ग्लेनिस म्हणाली, "पर्स मी धरते."