आठ दिवसांचा उशीर

प्रकाशशी मी बोलत काऊन नाई, विचारता ना? ऐका मग. आम्ही पंधरा-वीस जण ई-मेलवरच्या एका गटात फुकट वाटायचं सॉफ्टवेअर मराठीत आणून राह्यलो होतो. गट मी सांभाळायचो. कोणी कोणाचा अपमान करायचा नाई, हा नियमही मीच लिहिला होता.

सिंदेवाहीच्या शीलाबाई नव्या आल्या. त्यांनी भाषांतराची पहिलीच ओळ पाठवली, ‘फाईल सापडली नाई.’ ऊर्जानगरचा प्रकाश म्हणजे माझा कॉलेजपासूनचा दोस्त. त्यानं सगळ्यांसमोर लिहिलं, "‘नाई’ काय? हा बैलबाजार नाही. आधी मराठी शिका."

त्या दिवसापासून शीलाबाईचं काहीच आलं नाई.

मी प्रकाशले फोन केला, "माफी माग."

"मजाक होती बे!" तो हसला.

दोस्त म्हणून मी आठ दिवस थांबलो. शेवटी त्याले गटातून काढलं. दोस्तीही तिथंच संपली. मग शीलाबाईले फोन लावला, "त्याले काढलं, बाई. आता परत या."

त्या म्हणाल्या, "त्याचं बोलणं मी विसरली असती, भाऊ. पण आठ दिवस मी रोज नेट कॅफेत जाऊन पाहत होती, कोणी त्याले काही म्हणते का. तुम्हीबी नाई म्हटलं."