पाण्यासारखा निरुपद्रवी चिखल

टोपणनाव चिखल्या (खरे नाव वर लिहून घेतले आहे), वय ४३, समुद्रात तेलविहिरी खोदणाऱ्या कंपनीच्या प्रयोगशाळेत केमिस्ट, राहणार बंदरामागच्या गल्लीत, मोठ्या भावाच्या घरी.

समक्ष हजर राहून सांगतो की, आमच्या साहेबांच्या तक्रारीवरून मला इथे पोलीस ठाण्यात आणले आहे.

विहीर खोदताना ड्रिलभोवती जो द्रव सोडतात त्याला आम्ही चिखल म्हणतो. मी तो तपासतो, म्हणून चिखल्या. वापरलेला चिखल समुद्रात ओतायचा असेल, तर तो मिसळलेल्या पाण्यात कोळंबी चार दिवस जगली पाहिजे, असा नियम आहे. निम्म्याहून जास्त मेली की ओतायला बंदी.

या खेपेला एकही वाचली नाही. साहेब टाकीत डोकावून म्हणाले, "मेली कुठे? सुस्तावलीय." मी म्हणालो, "साहेब, कोळंबी आहे ती, सरकारी नोकर नाही." हवालदार म्हणतात, हे वाक्य गाळू. गाळू नये.

काल पर्यावरण खात्याच्या बाई तपासणीला आल्या. त्याआधी साहेबांनी टाकीत नुसते समुद्राचे पाणी भरून ताजी कोळंबी सोडली होती. ती टणाटण उड्या मारत होती. साहेब बाईंना म्हणाले, "आमचा चिखल अगदी पाण्यासारखा निरुपद्रवी."

माझा भाऊ त्याच विहिरीच्या आसपास जाळे टाकतो. त्या मासळीवर आमचे अख्खे घर जेवते. माझे टाळके सरकले. आतून खऱ्या चिखलाचे पाणी ग्लासात आणले आणि म्हणालो, "पाण्यासारखा ना? मग घ्या एक घोट." साहेब मागे सरकले, मी पुढे. असे आम्ही टेबलाभोवती फिरलो. शेवटी ग्लास त्यांच्या शर्टावर सांडला. तेव्हा साहेब असे किंचाळले, की बाई खुर्चीवरून उठल्या.

हवालदारांनी आत्ता मला तक्रार वाचून दाखवली. साहेबांनी स्वतःच्या हाताने लिहिले आहे, "याने मला विष पाजण्याचा प्रयत्न केला."

ग्लास मीच पुढे केला, कबूल. त्यात कंपनीचाच चिखल होता, तेही कबूल. नोकरी जाईल, कोठडीही होईल, याची भीती वाटते. वहिनी बाहेर बाकावर रडत बसली आहे. तरीही 'विष' या शब्दाला माझी हरकत नाही.

लिहिलेले मला वाचून दाखवले, ते मी बोललो तसेच आहे. साहेबांच्या तक्रारीची एक प्रत खात्याच्या बाईंना पाठवावी, एवढी विनंती करून सही करतो.