शेजारच्या सीटवरची गोणी

तळ्यावर बोटीच्या रांगेत माझ्यापुढे एक काकू होत्या. बोटवाल्याने त्यांना लांबूनच ओळखलं.

“काकू, आज एकच तिकीट? काका कुठे राहिले?”

“गेले रे. महिना झाला.”

“अरेरे! चार-पाच रविवार दिसला नाहीत, मला वाटलं लेकीकडे गेलात.”

“सात नंबरची बोट मोकळी आहे ना?”

“आहे, पण पायडलबोट एकट्याला देत नाही आम्ही. एका बाजूला कलते.”

“मग काय, काठावर बसून बघत राहू?”

“असं कसं! थांबा, शेजारच्या सीटवर वाळूची गोणी ठेवतो. म्हणजे तोल राहील.”

“केवढी आहे?”

“तीस किलोची.”

“ह्यांचं वजन साठ होतं.”

“मग दोन ठेवतो. पण काकू, एकटीला पायडल मारणं झेपेल?”

“इतकी वर्षं मीच तर मारत आले. हे शेजारी बसून नुसतं ‘डावीकडे घे, डावीकडे घे’ करायचे. तिकडे बदकं असतात ना.”

“मग आज कुठे नेणार बोट?”

“डावीकडेच. गोण्या नीट बसव हं, पाण्यात पडायला नकोत.”